तांत्रिक मेळावा : एक कैफियत

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला गॉर्डन फ्रेंच नावाच्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली. होमब्रू कॉम्प्युटर क्लबची ती पहिली बैठक. त्यांतला स्टीव्ह वॉझ्नियाक पुढे ॲपलचा पहिला संगणक याच क्लबात दाखवायला घेऊन आला. एवढा इतिहास लिहून ठेवला. पण त्या दिवशी दीपप्रज्वलन कुणाच्या हस्ते झालं, याची नोंद कुठेही नाही.

आमच्या कोल्हापुरात तो प्रश्न पहिला येतो. आमच्या प्रोग्रॅमर मंडळींच्या गटाच्या मेळाव्यासाठी सभागृहाचा रीतसर अर्ज केला. 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यात 'गप्पा' लिहिलं, तर अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी परत. 'परिसंवाद' लिहिल्यावर मंजूर. परिसंवाद म्हटला की अध्यक्ष आले, अध्यक्षांमागून शाल-श्रीफळ आलं. प्रास्ताविक, परिचय, सत्कार आटोपून वक्ते पायथॉनवर बोलायला उठले, तेव्हा शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभे. आभारप्रदर्शन मात्र सविस्तर झालं.

प्रोजेक्टरबद्दल बोलू नये, पण बोलतो. सभागृहात झाडून सगळे इंजिनिअर आणि पडदा निळाशार. प्रत्येकाने येऊन केबल काढून पुन्हा खोचली; आमच्या शास्त्रात याहून वरचा उपाय नाही. अखेर मामांनी कुठलंसं बटण दाबलं, चित्र उमटलं आणि त्यांनी विचारलं, "कितवीची पोरं म्हणायची ही?" भिंतीत प्लगची जागा एकच, तिथे मामांचा मोबाईल. कुस्तीला शाहू महाराजांनी अख्खं खासबाग मैदान बांधून दिलं. प्रोग्रॅमिंगला एक प्लग मिळेना.

आता उपस्थिती. व्हॉट्सअ‍ॅपवर मतदान घेतलं की 'येणार'ला प्रचंड बहुमत. वेळ झाली की त्या बहुमताचा फोन येतो, "भावा, सुरू झालं काय? रंकाळ्यावर हाय, निघालोच." तारीख कायमची एक ठेवा, असं जाणकार सांगतात. ठेवली : दुसरा शनिवार. २०१५ पासून त्या दिवशी बँकाही बंद, म्हणजे ती सबबसुद्धा उरली नाही. नेमका त्याच दिवशी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा फुटबॉलचा सामना. तिथे ना मतदान, ना आठवणीचा निरोप. तरी हेच बहुमत तासभर आधी जागा धरून बसलेलं. लोकशाहीची अशी उघड पायमल्ली होत असताना कुणीही ब्र काढत नाही.

शेवटी निमंत्रणाखाली बारीक अक्षरात लिहिलं : 'नंतर मिसळ.' सभागृह भरलं, पायऱ्या भरल्या. व्याख्यान क्लाउडवर होतं. प्रश्नोत्तरांत प्रश्न एकच आला, "कट वाढवून मिळेल न्हवं?" खात्री करण्यासाठी पुढच्या निमंत्रणातून विषयच वगळला. उपस्थिती वाढली.

तेव्हापासून आमचा गट यशस्वी म्हणून पंचक्रोशीत गणला जातो. परवा सांगलीच्या एका गृहस्थांनी, तिकडेही असा गट काढायचाय, म्हणून मार्गदर्शन मागितलं. लेखी कळवलं : तारीख बदलू नका. खोली एसटी स्टँडजवळ घ्या. वक्ता गावातलाच बघा, पुण्याहून आणला की सत्कार वाढतो. अर्जात 'गप्पा' हा शब्द टाळा. यातलं काहीच जमलं नाही, तरी खचून जाऊ नये. आपल्याकडे भडंग आहे.