पाळण्याला नवा शेजारी

शिराळ्यात सहलीची चर्चा दिवाळीची सुट्टी संपली की सुरू होते. सहामाहीचे गुण घरी कळून गेलेले असतात, त्यावरून झालेला मारही विसरलेला असतो, आणि पोरांपुढं एकच प्रश्न उरतो: यंदा कुठं? आमच्या वेळी याचं उत्तर ठरलेलं होतं. पन्हाळा, जोतिबा, कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर भेळ आणि परतीच्या एसटीत निम्म्या मुलांना वांत्या. भेळेचा आणि वांत्यांचा काही संबंध असावा, असं कुठल्याच गुरुजींना कधी वाटलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तीच सहल, तीच भेळ. एसटी शाळांना निम्म्या भाड्यात गाडी देते, त्यामुळं पालकही खूश.

1989 मध्ये मुंबईला गोराईत एस्सेल वर्ल्ड उघडलं आणि पन्हाळ्याची पंचाईत झाली. गावात टीव्ही मोजक्या घरी, पण जाहिरातीचं गाणं सगळ्या गल्लीला पाठ. हळूहळू सहलीचं नाव ‘मुंबई दर्शन’ झालं. राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, गेटवे, आणि शेवटचा दिवस गोराईला राखून ठेवलेला. तिथं जायला खाडी ओलांडावी लागे. शाळा बुडवून मोरणा धरणावर जाणारी, वारणेच्या पुरात उड्या टाकल्याच्या बढाया मारणारी पोरं लाँचमध्ये चढताना गुपचूप सरांचा हात धरायची. सर लाँचमध्ये चढण्याआधी मुलं मोजायचे, चढल्यावर मोजायचे, उतरल्यावर मोजायचे, आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा यायचा. एकदा तर मोजणीत एक पोरगं जास्त भरलं. ते दुसऱ्याच शाळेचं निघालं, पण आमच्या रांगेतून हलायला तयार नव्हतं, कारण आमच्याकडं चिवडा होता.

रोलर कोस्टरवर बसून आलेला मुलगा पुढं सहा महिने वर्गात वेगळ्याच तोऱ्यात चालायचा. अशा मुलाला नंतर पन्हाळ्याला नेलं, तर तो सज्जाकोठीसमोर उभा राहून विचारायचा, “सर, हितं काय हाय?” सज्जाकोठी तीच होती, खालची दरीही तीच. नवं ठिकाण निघालं की जुन्याचं गिऱ्हाईक लगेच तुटतं असं नाही. आधी जातं ते बघणाऱ्याच्या तोंडचं ‘अबब’. ते एकदा गेलं की तिकीट निम्मं केलं तरी परत येत नाही.

एस्सेल वर्ल्डलाही हे भोगायचं होतं. 1998 मध्ये त्यांनी शेजारीच वॉटर किंगडम काढलं, म्हणजे आपली सवत आपणच घरात आणली. पण ती घरचीच. बाहेरची आली 2013 च्या एप्रिलमध्ये, खोपोलीजवळ. नाव इमॅजिका. आता शिराळ्याच्या दृष्टीनं बघा. पेठ नाक्यावर हायवेला लागायचं, पुणं मागं टाकायचं, खंडाळ्याचा घाट उतरला की आलंच. मुंबईत शिरायलाच नको. लोकलची गर्दी नको, खाडी नको, लाँच नको, तीनदा मोजणी नको. मुख्याध्यापकांना इमॅजिका आवडलं ते तिथल्या ‘नायट्रो’साठी, असं पोरांना वाटतं. त्या नायट्रोला पायाखाली फळीच नाही, पाय हवेत लोंबकळत गाडी उलटीपालटी होते. कुठला मुख्याध्यापक निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना त्यात बसेल? त्यांना आवडलं ते कुंपण. एकदा पोरं आत सोडली की संध्याकाळपर्यंत बाहेर पडत नाहीत. सर लोकांनी सावलीचा बाक धरायचा आणि सातव्या वेतन आयोगावर बोलायचं. मनोरंजनाच्या धंद्यावर लिहिणारे नव्या आकर्षणांविषयी पानंच्या पानं लिहितात, पण सहल नेणाऱ्या मास्तरला काय हवं असतं हे कुणी विचारत नाही.

घरचे मात्र तिकिटाचा आकडा ऐकून गप्प झाले. माणशी हजाराच्या पुढं. चौघांनी जायचं तर एक शेरडू विकावं लागणार, असा हिशेब एका आजीनं मांडला, आणि शेरडू नंतर निदान करडं तरी देतं, असंही पुढं जोडलं.

एस्सेल वर्ल्ड 2022 मध्ये बंद पडलं. वॉटर किंगडम राहिलं. ‘इमॅजिकानं एस्सेल वर्ल्ड खाल्लं’ असं आमच्या कट्ट्यावर एका वाक्यात निकालात निघालं. पण तसं म्हणायचं, तर खाणाऱ्याचं पोट भरलेलं दिसायला हवं होतं. इमॅजिकावर तोवर बँकांच्या कर्जाचा डोंगर झाला होता. जेवढी माणसं येतील असं कागदावर धरलं होतं, तेवढी आली नाहीत. करोनात तर जुन्या-नव्या सगळ्यांनाच टाळं लागलं. आणि ज्या 2022 मध्ये गोराईचे पाळणे थांबले, त्याच वर्षी खोपोलीचं इमॅजिका संगमनेरच्या मालपाणी समूहाकडं गेलं. म्हणजे जुन्याचं दुकान बंद आणि नव्याचा मालक बदलला.

मालपाणी म्हटल्यावर कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी कान टवकारले. कारण मालपाणी म्हणजे गाय छाप. शिराळ्याच्या शिवारात भात लावणीला वाकलेल्या माणसाच्या कमरेच्या चंचीत जी पुडी असते, ती हीच. एका आजोबांनी तळहातावर चुना मळता मळता हिशेब केला, की साठ वर्षांत आपण जेवढी तंबाखू खाल्ली, त्यात त्या रोलर कोस्टरचा एखादा खांब तरी आपला असणार. “मग फुकट सोडतील का मला?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, विचारून बघायला हरकत नाही.

या करमणुकीमागचा पैसा मोठा गमतीचा आहे. एस्सेल वर्ल्ड सुभाष चंद्रांचं, आणि त्यांच्या एस्सेल कंपनीनं आधी टूथपेस्टच्या ट्यूबा बनवल्या. इमॅजिका मनमोहन शेट्टींनी उभारलं, आणि त्यांच्या ‘ॲडलॅब्स’चा मूळ धंदा सिनेमाची फिल्म धुण्याचा. आता ते तंबाखूवाल्यांकडं. सकाळी दात घासायचे, दुपारी तंबाखू मळायची, रात्री सिनेमा बघायचा. सामान्य माणूस दिवसभरात जे करतो त्यातूनच उलटंपालटं व्हायची सोय झाली, आणि तिकिटाला पैसे पुन्हा त्यानंच काढायचे.

जुन्यानं नव्यापुढं टिकायचं कसं, याचा एक दाखला अमेरिकेतला आहे. कॅलिफोर्नियात वॉल्टर नॉट नावाचा शेतकरी रस्त्याकडेला बेरीवर्गीय फळं विकायचा. मंदीचा काळ. 1934 च्या जूनमध्ये त्याच्या बायकोनं, कॉर्डेलियाबाईनं, आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या बशा काढल्या आणि कोंबडीचं जेवण करून पहिल्या दिवशी आठ गिऱ्हाइकांना वाढलं. पुढं तिथं जेवायला इतकी रांग लागू लागली, की रांगेतल्या लोकांचा वेळ जावा म्हणून नवऱ्यानं जुन्या गावाचा देखावा उभा केला. जेवणाची वाट बघता बघता पार्क झालं. मग 1955 मध्ये जवळच वॉल्ट डिस्नेनं डिस्नेलँड उघडलं. नॉट दांपत्याला उद्घाटनाचं आमंत्रण होतं. आता आपलं कसं होणार, या काळजीत दोघं तिथून परतली आणि बघतात तर आपल्याच आवारात गाड्या लावायला जागा नाही, असं सांगतात. डिस्नेसाठी लांबून आलेली माणसं कोंबडी खायला इकडं वळली होती. आत यायला तिकीट घ्यायचं तर नॉटकडं 1968 उजाडलं.

मला या गोष्टीतल्या कॉर्डेलियाबाई फार आवडतात. आपल्याकडं ती सोय कोल्हापूरनं केलेली आहे. पन्हाळ्याला येणारा माणूस सज्जाकोठी बघेलच असं नाही, पण तांबड्या-पांढऱ्या रश्शाशिवाय परत जात नाही. रश्शाला कुणी रोलर कोस्टर काढून स्पर्धा करू शकत नाही.

अर्थात सगळ्यांना रस्सा जमत नाही. ऑर्लँडोमध्ये 2025 च्या मे महिन्यात युनिव्हर्सलनं ‘एपिक युनिव्हर्स’ नावाचं नवं पार्क उघडलं, आणि त्याच्या आधीपासूनच शेजारच्या डिस्नेनं आपल्याकडं काय काय नवं होणार याच्या घोषणा सुरू केल्या होत्या. शेजाऱ्यानं माडी चढवली की आपणही निदान पायाचे दगड आणून दारात टाकायचे, हे तिथंही आहे. दगड पडून राहिले तरी चालतात, लोकांना दिसले म्हणजे झालं.

स्पर्धा न करता वाढायचं असेल तर समर्थांकडं बघावं. सतराव्या शतकात दहा-अकरा वर्षांत समर्थ रामदासांनी अकरा मारुती स्थापले. चाफळला दोन, मसूर, उंब्रज, शहापूर, माजगाव, शिंगणवाडी, बहे, मनपाडळे, पारगाव आणि आमचं शिराळं. सगळे आजच्या सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत, एकमेकांपासून अगदी हाकेच्या नाही, पण एका दिवसाच्या टप्प्यात. आजच्या कुठल्याही सल्लागारानं सांगितलं असतं की इतक्या जवळ अकरा काढू नका, एकमेकांची गर्दी खातील. झालं उलटंच. अकरा आहेत म्हणूनच माणूस एकावर थांबत नाही. उंब्रजचा झाला, मग मसूर राहिला कशाला, असं करत गाडी फिरते आणि शनिवारी आमच्या एसटी स्टँडावर बाहेरच्या जिल्ह्यांच्या नंबरांच्या गाड्या दिसतात. बाकी मारुती कुणाच्या पायाखालची फळी काढून घेत नाही.

आणि स्वतः शिराळ्याचं काय? आमचं गाव एकेकाळी एका दिवसापुरतं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं आकर्षण होतं. नागपंचमी. जिवंत नाग, त्यांची घराघरांत पूजा, अंबामातेच्या देवळाकडं निघालेली मिरवणूक. परदेशातून कॅमेरे यायचे. वन्यजीव कायदा 1972 चा, पण तो शिराळ्यात शिरायला बरीच वर्षं लागली. शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशांनी जिवंत नाग धरणं थांबलं. 2025 मध्ये शिक्षणापुरती, मोजकी मोकळीक मिळाली. न्यायालयाचं म्हणणं नागाच्या बाजूनं बघितलं तर पटतं. नागानं कधी मिरवायला हट्ट केलेला नव्हता. मुख्य पाहुणाच नाही म्हटल्यावर जत्रा मोडेल, असं आम्ही गृहीत धरलं होतं. पण आता नागाच्या प्रतिमेपुढं हात जोडून झाले की लोक तसेच जत्रेत शिरतात. बांगड्या, भजी, बुढ्ढी के बाल, आणि गावाबाहेरच्या रिकाम्या रानात आकाशपाळणा.

त्या पाळणेवाल्याशी एकदा बोलत बसलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं. तो पाळण्याच्या मोटारीवर हात ठेवून बसला होता. ती तापली की बंद करायची, एवढंच त्याचं यंत्रशास्त्र. मी त्याला फार विचार करून विचारलं, की एवढी मोठमोठी पार्कं निघाली, इमॅजिका झालं, पाण्याची पार्कं तर आता कोल्हापूर-कराडच्या रस्त्यालाही दिसतात, त्यांचा तुम्हाला त्रास होत असेल?

“ती लांब ऱ्हायली हो,” तो म्हणाला. “माझा बैरी त्यो बगा.”

त्यानं दाखवलं तिकडं हवा भरलेला एक प्रचंड मिकी माउस डुलत होता आणि त्याच्या पोटात पंधरा-वीस पोरं चपला काढून उड्या मारत होती. म्हणजे डिस्ने शिराळ्यात येऊन पोचलेलाच होता, फक्त मालकाला पत्ता नव्हता. पाळणेवाल्यानं मला नीट समजावलं. पाळण्यात बारक्या पोराबरोबर आईला बसावं लागतं, आईचं तिकीट वेगळं, शिवाय तिला गरगरतं. मिकीत पोराला एकटं सोडायचं आणि आईनं बाहेर खुर्चीवर बसून मोबाइल बघायचा. बापाच्या खिशातली नोट एकच, ती आधी जिथं मोडते तिथं मोडली.

“मग आता?” मी विचारलं.

“आता काय,” तो म्हणाला, “म्होरल्या साली म्या बी एक मिकी घेतोय. हप्त्यावर. ह्येच्यापेक्षा दोन फूट उंच.”