दोन सेंटिमीटरमध्ये मावलेलं लग्न

मुलुंडच्या कार्यालयातलं आमचं लग्न एफ/०.९५वर टिपणाऱ्या फोटोग्राफरना खुलं पत्र



माझ्या भाचीच्या लग्नाचा अल्बम आला. पानं उलटत गेले तसा राग चढत गेला. हे पत्र मी चारचौघांत लिहिते आहे, कारण असे अल्बम आता अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत घरोघरी येऊ लागले आहेत आणि लोक पैसे मोजून गप्प बसतात.

अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचा तुमचा फोटो समोर ठेवा. नवरीच्या डाव्या डोळ्याची पापणी न् पापणी दिसते. उजवा डोळा विरघळलेला आहे. नवरदेव म्हणजे फेट्याच्या रंगाचा एक डाग. तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या मामाला चेहराच नाही, आणि व्हीलचेअरवरून अक्षता टाकणाऱ्या आमच्या आईच्या जागी पिवळसर धुकं आहे. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मॅडम, लेन्सच ०.९५ची आहे, लूक असाच येतो." लूक असाच येतो हे खरं. पण तो लूक त्या क्षणी वापरायचं तुम्ही ठरवलंत, म्हणून गुन्हा लेन्सचा नाही, तुमचा आहे.

गणित तुम्हालाही ठाऊक असणार. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स एफ/०.९५वर उघडली आणि माणूस एक मीटरवर असला, तर जेमतेम दोन सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. चेहरा जरा वळला की दोन्ही डोळे त्यात मावत नाहीत. दोन मीटरवर ही खोली नऊ सेंटिमीटर होते, तीन मीटरवर वीसच्या आसपास. मंगलाष्टकं चालू असताना बोहल्यावरचं कोण नऊ सेंटिमीटरच्या आत स्थिर उभं राहतं? शिवाय फोकस हाताने. रिंग फिरवून डोळा पकडेपर्यंत नवरी हार घालायला पुढे झुकलेली असते. मधल्या चौकटीत फोकस धरून मग कॅमेरा पंधरा अंशांनी वळवलात, तर एक मीटरवर तेवढ्यानेच तीन सेंटिमीटरहून जास्त चूक होते, म्हणजे डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो. असे कान तुमच्या अल्बममध्ये पुष्कळ आहेत.

या लेन्सचं मोल मला कळतं. कॅननने १९६१ साली ५० मिलिमीटर एफ/०.९५ बाजारात आणली ती अंधारात फोटो काढता यावेत म्हणून. त्या काळच्या फिल्मला उजेडाची भूक फार होती. स्टॅन्ली कुब्रिकने 'बॅरी लिंडन'मधले मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग नासासाठी बनवलेल्या झाइसच्या एफ/०.७ लेन्सने टिपले. १९७५च्या त्या चित्रपटात नटांना जवळजवळ न हलता बसावं लागलं, आणि फोकस सांभाळणाऱ्यासाठी बाजूला काटकोनात एक वेगळा व्हिडिओ कॅमेरा लावावा लागला. एवढी तयारी असेल तर ही लेन्स चमत्कार करते. चाळीच्या अंधाऱ्या गॅलरीत, एकाच बल्बखाली शांत बसलेल्या एका माणसाचं पोर्ट्रेट तिच्याइतकं जिवंत क्वचितच दुसरी कुठली लेन्स काढेल. हाताने फोकस करताना फोटोग्राफर सावकाश होतो, समोरच्याकडे नीट बघतो, हाही तिचा खरा गुण आहे.

पण आमच्या कार्यालयात एलईडी दिव्यांचा लखलखाट होता. एफ/१.४च्या तुलनेत एफ/०.९५ साधारण दुप्पट उजेड देते, म्हणजे एक स्टॉप आणि थोडं वर. आयएसओ १६००चं ३२०० केलं की तेवढं भरून निघतं, आणि आजचे कॅमेरे ते सहज झेपवतात. एका स्टॉपसाठी तुम्ही ऑटोफोकस सोडलात आणि अर्ध्या वऱ्हाडाचे चेहरे गमावलेत. वर काचेचे दोषही पदरात पडले: पूर्ण उघड्या ॲपर्चरवर मुंडावळ्यांच्या आणि नथीच्या मोत्यांना जांभळी-हिरवी कड आली आहे. हा दोष आटोक्यात ठेवायचा तर निकॉनच्या २०१९च्या नॉक्टसारखी लेन्स लागते: आत काचेची १७ भिंगं, वजन दोन किलो, आणि तीसुद्धा मॅन्युअल फोकसचीच.

आता वर्सोव्याचं प्री-वेडिंग. जावई वर्सोवा कोळीवाड्यातला आहे. त्याच्या बाबांची होडी आणि बांबूंवर सुकणारे बोंबील फोटोत हवेत, म्हणून त्याने ती जागा मागितली होती. तुम्ही भर दुपारी त्याच लेन्सने, तशीच उघडी ठेवून फोटो काढलेत. आयएसओ १००वर त्या उन्हाला सेकंदाचा सुमारे अठ्ठावीस हजारावा भाग एवढा शटर स्पीड लागतो. यांत्रिक शटर बहुधा आठ हजारावर थांबतं. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर तुम्ही लावला नाहीत, म्हणून आकाश पांढरंफटक जळालं आणि होड्यांचे रंगीत गोळे झाले. ते फोटो बँकॉकचे म्हणून दाखवले तरी खपतील.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. उपनगरात माणूस त्याच्या जागेसकट ओळखू येतो. मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढणारे, २०१६ साली पद्मश्री मिळालेले सुधारक ओलवे आठवा. त्यांच्या चौकटीत कामगाराबरोबर त्याचं काम आणि त्याची वस्ती दिसते, म्हणून तो कामगार आपल्याला टाळता येत नाही. तुम्ही ज्याला बॅकग्राउंड म्हणून पुसलंत, ते आमचं घर होतं.

आणि हे पुसणं परत फिरवता येत नाही. स्पष्ट फोटोला नंतर सॉफ्टवेअरने ब्लर देता येतो. केसांच्या कडेला तो लेन्सइतका सुंदर होत नाही, हे मान्य. पण एवढा विरघळलेला चेहरा परत आणताना सॉफ्टवेअर नवाच चेहरा रचतं, आणि तो आमच्या आईचा नसतो. आता आम्ही नातेवाइकांच्या मोबाइलमधले फोटो गोळा करतो आहोत. छोट्या सेन्सरमुळे त्यांत सगळा मांडव स्पष्ट आला आहे.

तेव्हा यापुढे एवढं करा. विधी चालू असताना एफ/२.८च्या खाली जाऊ नका, आणि ग्रुप फोटो एफ/४ किंवा ५.६वर काढा. ऑटोफोकसची ८५ मिलिमीटर एफ/१.८ बॅगेत ठेवा. ती स्वस्त आणि हलकी असते, आणि एकट्या नवरीच्या फोटोला हवा तेवढा ब्लर देते. ०.९५ जरूर आणा, पण नवरी खोलीत निवांत बसलेली असताना तिच्या परवानगीने दहा मिनिटं वापरा आणि परत बॅगेत घाला. आगाऊ रक्कम घेण्याआधी यजमानांना एक फोटो पूर्ण आकारात दाखवा, म्हणजे काय स्पष्ट येणार आणि काय नाही हे त्यांना कळेल. आणि शटर दाबण्याआधी त्या घरातल्या कुणालातरी विचारा: या फोटोत कोण कोण दिसायला हवं?

वधूची आत्या