पाव फेरा

मुंबई-पुण्याकडे बेस गिटारच्या सेटअपला साधारण हजार ते तीन हजार रुपये पडतात, तारा वेगळ्या. हा आकडा ज्याला पाठ आहे आणि तरीही जो दर वेळी कारागिराला फोन करून "अंकल, सेटअपचे किती?" असे विचारतो, तो या नोंदीचा विषय. उत्तर यायच्या आत त्याचे पुढचे वाक्यही तयार असते: "म्हणजे तसं काम काहीच नाहीये. नव्वद टक्के मी घरीच केलंय."

हे नव्वद टक्के समजण्यासाठी वाद्याची थोडी माहिती आवश्यक आहे. लिओ फेंडर यांनी 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हापासून या वाद्याचा घाट फारसा बदललेला नाही. चार जाड तारा, आणि वरच्या टोकाच्या नटपासून खालच्या ब्रिजपर्यंत 34 इंच. साध्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये हेच अंतर 25 इंचांच्या आसपास असते. चारही तारा सुरात आणल्या की नेकवर सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात ओढ बसते आणि नेक पुढे झुकू लागते. तिला आवरायला तिच्या पोटात पोलादी सळई घातलेली असते, तीच ट्रस रॉड. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांनी 1920 च्या दशकात तिचे पेटंट मिळवले. सळईच्या तोंडात ॲलन की घालून आवळली की नेक सरळ होते, सैल केली की तारा तिला पुढे ओढतात. मात्र नेक अगदी फूटपट्टीसारखी सरळही चालत नाही. तारेला कंपायला जागा लागते, म्हणून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट ठेवतात. सगळा खेळ तेवढ्या फटीचा.

रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये, मग थांबावे, नेक स्थिरावू द्यावी, असे जाणकार सांगतात. या गृहस्थाने आयुष्यात मोडला नाही असा हा एकमेव नियम. सकाळी आंघोळीआधी पाव फेरा. ऑफिसातून आल्यावर तार फ्रेटला लागते असे वाटले म्हणून पाव फेरा. जेवणानंतर मित्राचा फोन येतो, तो म्हणतो उलटीकडे फिरवायचे असते. मग उलटीकडे पाव फेरा. रात्री मात्र सकाळी उलटे कोणते आणि सुलटे कोणते होते ते आठवत नाही, तेव्हा खात्रीसाठी आणखी पाव. पहिल्या दोन-चार फ्रेटवर तार खरखरली तर नेक जास्त ताठ झाली असण्याचा संभव असतो, म्हणजे रॉड सैल करायला हवा. हा गृहस्थ तो हमखास आवळतो, कारण सैल करणे त्याच्या स्वभावात नाही.

कारागिराच्या टेबलापाशी होणारा संवाद त्यामुळे ठरलेला आहे.

"किती फिरवलास?"

"पाव फेरा, अंकल."

"आणि त्याच्याआधी?"

"त्याच्याआधीही पावच."

यात खोटे काही नाही. कारागीर सगळे पाव उलगडत बसतो, दीड फेऱ्यापर्यंत जातो आणि मान वर न करता विचारतो, "बाळा, पावात पाव किती घातलेस?" चुकीच्या मापाची ॲलन की हे प्रकरण त्याहून गंभीर. अमेरिकी बनावटीच्या बेसला इंची मापाची लागते, आशियाई बनावटीच्या बहुतेकांना मिलिमीटरची. याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असते ती कपाट जोडायला मिळालेली. तिने तोंडाची षटकोनी खाच गुळगुळीत झाली किंवा रॉडच तुटला, तर फिंगरबोर्ड उचकटण्यापर्यंत वेळ येते आणि स्वस्तातल्या बेसच्या बाबतीत दुरुस्ती वाद्यापेक्षा महाग पडते. हे ऐकताना त्याचा चेहरा सहानुभूतीने भरून येतो, जणू ही गोष्ट दुसऱ्या कुणाची आहे.

तारांचा खर्च हा स्वतंत्र विषय. बेसच्या चार तारांचा संच गिटारच्या सहा तारांच्या तिपटी-चौपटीने महाग असतो. कारागीर जुन्या तारांवर सेटअप करायला नाखूश असतो, कारण घाम आणि मळ बसलेली तार आपल्या लांबीभर सारखी कंपत नाही आणि सूर पक्का लागत नाही. इथे जेम्स जेमरसन मदतीला येतो. साठच्या दशकात मोटाउनच्या असंख्य गाण्यांना बेस देणारा डेट्रॉइटचा हा वादक तार तुटेपर्यंत बदलत नसे, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आपले गृहस्थ ती दर वेळी सांगतात. जेमरसनच्या तारा गुळगुळीत फ्लॅटवाउंड जातीच्या होत्या, त्याची ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांचे अंतर, भलतीच उंच होती आणि एवढे असून तो उजव्या हाताचे एकच बोट वापरून ते सगळे वाजवत असे, हा भाग सांगायचा राहून जातो. जेमरसनने भागले नाही तर तारा उकळल्या जातात. उकळत्या पाण्याने मळ निघतो आणि आवाजात काही दिवस चकाकी येते, हे खरे आहे. मात्र त्यासाठी लागणारे पातेले चहाचे असते, आणि त्या घरातल्या आईचे या प्रयोगाबद्दलचे मत संगीतावरच्या कोणत्याही ग्रंथात छापण्यासारखे नाही.

नेक सुधारल्यावर कारागीर नटच्या खाचा पाहतो, सॅडल खालीवर करून ॲक्शन लावतो, पिकअपची उंची ठरवतो, पॉटमधली खरखर घालवतो. ॲक्शन वरच्या फ्रेटांपाशी दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास बसली तर बहुतेकांच्या हाताला रुचते. मग इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. फ्रेट खालीवर झिजले असतील तर ते समतल करून पुन्हा गोलाई देण्याचे काम सेटअपमध्ये धरत नाहीत. त्याचे बिल निराळे आणि बरेच मोठे असते. टेबलाच्या पलीकडे उभा राहून आपला गृहस्थ प्रत्येक टप्प्याला "हे मी करणारच होतो" असे म्हणत असतो.

घासाघीस त्यानंतर सुरू होते. त्याची सासुरवाडी मिरजेची असल्यास तो तानपुऱ्याच्या जवारीचा दाखला देतो: तिकडे घोडी घासून पंधरा मिनिटांत काम करतात, इकडे तासाचे एवढे? दाखला सोयीचा असला तरी लंगडा आहे. जवारीत तार घोडीच्या पृष्ठावर बेताने लागावी, झणकारावी यासाठी कारागिराचा कान खर्ची पडतो. बेसच्या सेटअपमध्ये तार कुठेही लागू नये यासाठी तोच कान लागतो. दोन्हीकडे पैसे त्या कानाचे. शिवाय मिरजेत पंधरा मिनिटांत चांगली जवारी निघते, हे मिरजेतल्या कुणालाही मान्य होणार नाही.

याच गृहस्थाने तार खरखरते म्हणून गेल्या वर्षी आठ हजारांचा ओव्हरड्राइव्ह पेडल घेतलेला असतो, कारण आवाज फाटका केला की खरखर झाकली जाते. आठ हजार ही गुंतवणूक. दोन हजार हा खर्च. नेक नीट होऊन आठवडा उलटत नाही तोच तो 45 ते 105 मापाच्या तारा काढून 50 ते 110 मापाच्या चढवतो. ओढ वाढते, नेक झुकते, जाड तार नटच्या खाचेत बसत नाही आणि फोन जातो: "अंकल, तुमचा सेटअप टिकला नाही."

पावसाळ्यात तर त्याला जाबही विचारता येत नाही. कोकणपट्टीच्या हवेत लाकूड ओलावा ओढते, नेक आपली जागा सोडते. खोलीत एसी लागला की पुन्हा फिरते. म्हणून पाऊस स्थिरावल्यावर एकदा आणि हिवाळा लागताना एकदा वाद्य दाखवून घ्यावे, असा सल्ला देतात. तो गणपतीच्या चार दिवस आधी येतो, जेव्हा टेबलाखाली आधीच आठ गिगबॅगा रांगेत असतात, आणि म्हणतो, "माझं काय, पाव फेऱ्याचं काम आहे."

तरीही या माणसाला सरसकट कंजूष ठरवणे न्यायाचे होणार नाही. त्याचा हिशेब पाहावा लागतो. ऑर्केस्ट्रात एका रात्रीचे जे पाकीट मिळते, ते अनेकदा या बिलापेक्षा पातळ असते. कीबोर्डवाल्याचा डावा हात बेसचे काम फुकटात करू लागल्यापासून ते पाकीटही दर वेळी मिळेलच असे नाही. हिंदी चित्रपटगीतांत आर. डी. बर्मन यांच्यासाठी बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचे नाव जिथे ऐकणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक, तिथे डोंबिवलीच्या हौशी वादकाला कोण ओळखणार? कार्यक्रमाचे चित्रीकरण नातेवाईक मोबाइलवर पाहतात. त्याची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला जेमतेम एक्केचाळीस वेळा कंपते आणि मोबाइलचा स्पीकर इतका खालचा स्वर देऊच शकत नाही. चित्रीकरणात तो कोपऱ्यात उभा राहून बोटे हलवताना दिसतो, एवढेच. ज्या वाद्याचा आवाज घरी पोहोचत नाही, त्याच्या देखभालीला घरून पैसे मागणे सोपे नसते.

आणि एक गोष्ट, थोड्या नाइलाजानेच, नोंदवावी लागते. सोसायटीतला एखादा कॉलेजचा पोरगा सेकंडहँड बेस घेतो, तो वाजत नाही म्हणून रडकुंडीला येतो. तेव्हा हाच माणूस ते वाद्य पाठीवर टाकून, संध्याकाळच्या लोकलमध्ये चार लोकांच्या शिव्या खात, कारागिराकडे घेऊन जातो. त्या दिवशी तो "किती?" असे विचारत नाही. नव्या तारा घालायला सांगतो, जेमरसनचे नाव काढत नाही, सांगितलेली रक्कम देतो. पोराला म्हणतो, "पाचशे लागले, दे जमेल तसे." फक्त निघताना रॉडकडे बोट दाखवून कारागिराला विचारतो, "शेवटचा पाव मी फिरवू?" कारागीर नाही म्हणतो.

स्वतःच्या बेसच्या बाबतीत मात्र व्यवहार जुन्याच वळणाचा राहतो. शंभर रुपये कमी करून घेतले जातात, कारागीर पुढच्या वेळी ते आधीच वाढवून सांगतो, त्यामुळे दोघांचेही समाधान होते. घरी सांगितली जाणारी रक्कम प्रत्यक्षाच्या निम्मी असते. पुढे तोच बेस विकायला काढला की जाहिरातीत "नुकताच प्रोफेशनल सेटअप केलेला" असे लिहून ती दुपटीने धरली जाते. गिऱ्हाईक येते, वाजवून पाहते, आणि सेटअपचे एवढे कशाला म्हणून भाव पाडून मागते.