सहीपुरता ठेकेदार

ज्याचे काम सरकारी इमारतीत असते पण नाव सरकारी कागदात नसते, त्याला पोटठेकेदार म्हणतात. बोलण्यात त्याला 'पेटीवाला' असेही नाव आहे. ही पेटी नोटांची असावी असा नवख्याचा समज होतो, तो चुकीचा आहे. मूळ शब्द इंग्रजी असून त्याचा अर्थ क्षुल्लक असा होतो.

पोटठेकेदारांत गवंडी, सेंट्रिंगवाला, फरशीवाला, रंगारी असे सगळे येतात आणि या सगळ्यांना निनावी राहता येते. विजेच्या पोटठेकेदाराला ती चैन नाही. वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावे, असे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० आणि २०२३ च्या विनियमांतही ते कायम राहिले. परवाना राज्य शासन देते. त्याला क्रमांक असतो, मुदत असते. भिंत पडली तर गवंडी शोधत हिंडावे लागते. शॉक बसला तर टेस्ट रिपोर्टचे शेवटचे पान उघडले की पुरते.

समजा, अक्राणी तालुक्यात आश्रमशाळेचे वसतिगृह बांधायचे आहे. स्थापत्य आणि विद्युत मिळून एकच निविदा निघते. मुख्य ठेकेदार ती 'बिलो'मध्ये, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने घेतो. हा बिलो पाण्यासारखा उतार शोधत पोटठेकेदारापर्यंत येतो आणि तिथे साचतो. तांब्याचा भाव काही खाली येत नाही. मग आधी ईएलसीबी, म्हणजे शॉक बसण्याच्या बेतात वीज तोडणारी कळ, गळते, कारण ती नसली तरी दिवे लागतात आणि उद्घाटनाला दिवेच लागायचे असतात.

स्लॅब पडण्याआधी वीजवाल्याने पाईप अंथरायचे असतात. त्यावरून सळईवाले चालतात, मग काँक्रीटच्या घमेल्यांची रांग जाते. दोन महिन्यांनी तार ओढायला गेल्यावर तीन खोल्यांचे पाईप मध्येच चेपलेले निघतात. वायरमन छिन्नी घेऊन नव्या भिंतीत झिरी मारतो. झिरी बुजवायला गिलावेवाला येतो, आणि त्याची मजुरी विजेच्या बिलातून वजा होते. पाईप कोणी चेपला हा प्रश्न निघतच नाही; गिलावा कोणी फोडला हे सगळ्यांनी पाहिलेले असते.

अर्थिंगचे तर शास्त्रच वेगळे. खड्डा घ्यायचा, त्यात कोळसा आणि मीठ यांचे थर द्यायचे, वर नरसाळे बसवून अधूनमधून पाणी घालायचे. सातपुड्याच्या काळ्या पाषाणात हा खड्डा खोदणाऱ्याच्या हाताला फोड येतात. पाहुणे येणार म्हटल्यावर आवार सजते आणि नरसाळ्यावर पेव्हर ब्लॉक बसतात. रिपोर्टातला ओहमचा आकडा जुलैचा असतो. मे महिन्यातला आकडा कुणी विचारत नाही, ओल कुठे उरली आहे तेही कुणाला ठाऊक नसते.

सगळे झाले की सही लागते. वायरिंग करणारा आणि सही करणारा एकच असावा अशी कायद्याची कल्पना आहे. बाजारात सही सुटी मिळते. पोटठेकेदाराकडे परवाना नसला तर तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून आणतो. अशा वेळी ज्याने इमारत पाहिलेलीच नाही तो तिच्या सुरक्षिततेची हमी देतो. वीज कायदा, २००३ चे कलम ५४ सांगते की शंभर किंवा अधिक माणसे जमण्याच्या जागी वीज वापरण्याआधी किमान सात दिवस विद्युत निरीक्षकाला आणि जिल्हा दंडाधिकाऱ्याला लेखी सूचना द्यावी. उद्घाटनाची तारीख आधीच ठरलेली असते, त्यामुळे हे सात दिवस उलटे मोजावे लागतात.

बिलाचा भाग थोडक्यात आटोपतो, कारण त्यात मुख्य ठेकेदाराचे एकच वाक्य आहे: "वरून आलं की देतो, भाऊ." २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. बांधकामाचा ठेका या कायद्यात बसतो की नाही यावर न्यायालयांत वेगवेगळे सूर लागले आहेत. तक्रार केल्यावर त्या शेठकडून पुढचे काम मिळत नाही, याबद्दल मात्र एकच सूर आहे. पोटठेकेदार बांधकाम खात्यात गेला तर "तुमचा आमच्याशी करार नाही" असे उत्तर मिळते. लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देण्यास करारातच मनाई असते, म्हणजे तो तिथे असणे हाच नियमभंग. जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवन मिशनचे काम केलेल्या एका तरुण उपठेकेदाराने आत्महत्या केली, तेव्हा शासनाच्या बाजूने आलेले उत्तर असेच होते: त्याच्या नावावर कामच नव्हते. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते.

अपघात झाला की कागद उलट्या बाजूने वाचला जातो. २०२५ पर्यंत लागू असलेला १९२३ चा भरपाई कायदा मजुराला मूळ मालकाकडेही भरपाई मागू देत असे. मालक ती देई आणि ठेकेदाराकडून वसूल करू शकत असे. चौकशीत पहिला प्रश्न परवाना क्रमांकाचा असतो. करारात नसलेला माणूस तेव्हा पाच मिनिटांत सापडतो.

दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत अनामत अडकलेली राहते. तोवर पंखा बंद पडला की अधीक्षक पोटठेकेदारालाच फोन करतात. कोनशिलेवर मंत्र्यांपासून मुख्य ठेकेदारापर्यंत सगळे असतात. पोटठेकेदाराने आपला मोबाइल नंबर मेन स्विचच्या पेटीच्या झाकणाला आतून मार्करने लिहून ठेवलेला असतो.