बेटावरील फिरती

मुक्काम कात्र बोर्न, मॉरिशस

चि. विनायक यास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

आम्ही उभयता सुखरूप आहोत. तुझ्या वहिनीची प्रकृती तर इतकी ठणठणीत आहे की, चिपळुणात वैद्यांनी निषिद्ध ठरविलेले यच्चयावत् पदार्थ ती "परमुलखात पथ्य कसलं?" या एकाच सबबीवर निःशंकपणे भक्षण करीत असते.

हे बेट लांबीला सुमारे 65 आणि रुंदीला सुमारे 45 किलोमीटर, म्हणजे एखाद्या प्रांताच्या अखत्यारीत सहज मावावे एवढेच. तेव्हा 37 वर्षांच्या महसुली चाकरीची खोड जावयांच्या घरीही न सुटल्यामुळे मी येताक्षणीच चार दिवसांच्या फिरतीचा तक्ता आखला, त्यात मुक्काम, अंतर व वेळ यांचे रकाने पाडले आणि तो रीतसर तुझ्या वहिनीपुढे मंजुरीसाठी ठेवला. पहिल्याच दिवशी पोर्ट लुईच्या बाजारात तिने त्यात डाळपुरी गुंडाळून घेतली. आज एकोणिसावा दिवस असून निम्मे बेट अद्याप शिल्लक आहे.

ही डाळपुरी म्हणजे मऊसूत पातळ पोळ्यांची जोडी. पोटात वाटलेली पिवळी डाळ, वर पावट्यासारख्या टपोऱ्या दाण्यांचे कालवण, टोमॅटोचा रस्सा आणि डोळ्यांत पाणी आणणारी चटणी. तुझ्या वहिनीने पोळीचा पदर हलकेच उकलला, सारण चिमटीत धरून उजेडात निरखले आणि निकाल दिला, "पुरण बरं झालंय, पण मेला गूळ घालायला विसरला!" विक्रेत्यास क्रिओलखेरीज भाषा नाही आणि हिला मराठीखेरीज, तरीही अर्धा तास हातवाऱ्यांनी उभयपक्षी मसलत झाली, आणि मागे रांगेत तिष्ठणाऱ्या मंडळींपैकी एकानेही कुरकुर केली नाही.

शामारेल येथील सप्तरंगी भूमी मात्र मी खात्याच्या दृष्टीने पाहिली. ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन तांबडी, तपकिरी, जांभळी अशा सात रंगांची माती तेथे लाटांसारखी पसरली आहे. तीवर गवताची काडी उगवत नाही. आपल्या दप्तरी अशा जमिनीस पोटखराबा म्हणतात आणि तिचा सारा माफ असतो. येथे तिच्याभोवती लाकडी कठडा घालून माणशी तिकीट लावले आहे! पोटखराब्यावर वसुली करण्याची ही युक्ती आमच्या एकाही कलेक्टरास सुचली नाही, याचा मला मनस्वी विषाद वाटला. पांपलमूसच्या बागेतील महाकमळाची काठ वळलेली पाने पाहून तुझ्या वहिनीने "एवढी परात असती तर मुंजीला उसनी आणावी लागली नसती" एवढेच उद्गार काढले.

उसाच्या शेतांतून जाताना मध्येच काळ्या दगडांच्या प्रचंड राशी दिसतात. आपल्या कातळासारखाच हा दगड. तो उचलून उसाला जागा करून देणारे हात बहुतांशी आपल्याच देशाचे. 1834 पासून गिरमिटावर आलेल्या जवळजवळ पाच लाख मजुरांपैकी पुष्कळांनी बंदरातील ज्या 16 पायऱ्या चढून या भूमीवर पाऊल ठेवले, त्या आप्रवासी घाटावर आजही आहेत. तुझ्या वहिनीने चपला काढल्या, मीही काढल्या.

पुढे कास्कावेल गावी एक वृद्ध मराठी गृहस्थ भेटले. त्यांच्या खापरपणजोबांचे पाळण्यातले नाव तत्कालीन कारकुनाने नोंदवहीत दाखल केले, आणि तेच आज साऱ्या घराण्याचे आडनाव होऊन बसले आहे. कारकुनाची एक ओळ कुठवर पोहोचते, हे मला नोकरीत असताना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी नोंदीची नक्कल दाखविली: आगंतुकाचा क्रमांक, वय, उंची, जिल्हा रत्नागिरी, आणि गावाच्या जागी 'कळ' एवढीच अक्षरे शाबूत, पुढे शाईचा डाग. "तुम्ही तिकडचेच. आमचं गाव कोणतं, सांगाल का?" असे त्यांनी विचारले. गाव कोणते, हा प्रश्न जन्मभर मेजाच्या अलीकडून मीच इतरांना विचारीत आलो. पलीकडे बसून तो ऐकण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग.

तेव्हा हे पत्र पोहोचताच कळंबस्ते, कळंबट, कळवंडे येथील जाणत्या माणसांकडे चौकशी करावी. सोबत नक्कल जोडली आहे. "उद्या या" असे न सांगता मी दाखल करून घेतलेला हा बहुधा एकमेव अर्ज आहे. त्याची अब्रू तुझ्या हाती.

सौ. सुमतीस व मुलांस आशीर्वाद.

तुझा,
दादा

ता. क. : येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर दोन शेर गूळ पाठवावा. साखरेच्या बेटावर गूळ कशाला, असे मी विचारून पाहिले. परंतु डाळपुरीवाल्यास शब्द दिला गेला आहे.