ह्याला उद्यापन नाही, वहिनी

नाही हो वहिनी, कोयनेचा धक्का नव्हता तो. काल रात्री साडेअकराला खर्रकन जे वाजलं ते आमच्या ह्यांचं स्टूल. फरसाणाचा डबा मी माळ्यावर टाकलाय ना! बंदी नाही हं घातलेली. खायचं तर खुशाल खा, पण आधी स्टूल ओढा, वर चढा, पुढचे रिकामे डबे बाजूला करा आणि मग खा. एरवी एवढ्या उठाठेवीपेक्षा त्यांना झोप बरी वाटते. काल क्रिकेट होतं, चालायचंच.

परवा तुम्ही म्हणालात ना, डाएटची-व्यायामाची सुरुवात दणक्यात होते आणि पुढं हुरूपच राहत नाही? अहो, हुरूप कुणाचा राहिलाय? आपली गल्लीच बघा. कोपऱ्यावरच्या अण्णांनी लेकाकडून पावलं मोजणारं घड्याळ मागवलं. दहा हजार झाल्याशिवाय अंथरुणाला पाठ लावायची नाही, असा पण. रात्री अकराला अंगणात येरझाऱ्या! आणि एक दिवस काकूंनी पकडलं त्यांना. सोफ्यावर बसून मालिका बघत नुसता हात हलवत होते, आणि घड्याळात पावलं वाढत होती. गंमत म्हणजे तो दहा हजारांचा आकडा काही डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६४ मध्ये तोकियोला ऑलिंपिक झालं, त्याच्या पुढच्या वर्षी एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. गोल आकडा, लक्षात राहतो, खपतो. त्याच्या निम्म्यातसुद्धा फायदा होतो असं पुढं अभ्यासांत दिसलंय. पण हे अण्णांना कोण सांगणार? घड्याळ सध्या चार्जिंगला असतं. सदानकदा.

आणि ते पलीकडचं जोडपं. तुम्ही तेव्हा इथं राहायला आला नव्हतात. २०१८ च्या सुमाराला घरोघरी दीक्षित की दिवेकर हाच वाद होता बघा. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं, दिवसातून दोनदाच जेवा, एकेक जेवण ५५ मिनिटांत उरका आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ विचार श्रीकांत जिचकारांचा. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका. आता ह्या घरात ते दीक्षितांचे आणि ती दिवेकरांची! दोघं एका वेळी ताटावर बसतील तर शपथ. लग्नात ते मनगटाकडे बघत जेवायचे. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी शेवटच्या मिनिटाला दोन जिलब्या एकदम तोंडात कोंबल्यात. आणि ती अक्षता टाकता टाकता पर्समधून शेंगदाणे काढून खायची. पण खोटं कशाला बोलू, उतरली हो दोघंही. मला विचाराल तर पंथ दोन असले तरी दोघांनीही येताजाता चिवड्याच्या डब्यात हात घालायचं सोडलं होतं, त्याचा तो परिणाम. पुढं दिवाळीत त्यांचं मोडलं, लेकीच्या बाळंतपणात हिचं मोडलं. जे मोडलं ते मोडलंच.

आपली खोडच आहे ती. आपण सगळ्याचं व्रत करतो. सोळा सोमवार म्हटले की आपल्यासारख्या बायका घोटभर पाण्यावरसुद्धा दिवस काढतील. तिथं हुरूप कमी पडत नाही. का? तर शेवट ठाऊक असतो. सतराव्या सोमवारी उद्यापन, मग सुटलो. डाएटचंही तेच. संकल्प सोडायचा, महिनाभर कडक पाळायचं, वजनाचा काटा तीन किलोंनी खाली आला की पुरणपोळीनं उद्यापन. आणि मध्ये चुकून एक भजं पोटात गेलं की व्रत भंगलं, आता पुढच्या सोमवारपासून! अहो, पण ह्याला उद्यापनच नाही. केर रोज काढतोच ना आपण? एक दिवस राहिला म्हणून कुणी झाडू फेकून देत नाही.

माझी भाची पुण्यात फिजिओथेरपी शिकते, ती सांगत होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांना रोज एकच नवी गोष्ट ठरल्या वेळी करायला लावली. कुणी जेवणाबरोबर फळ खायचं, कुणी जेवणाआधी पळायचं. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण सरासरीचं काय घेऊन बसलात! कुणाचं १८ दिवसांत झालं, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. पाणी पिण्यासारखं सोपं लवकर जमलं, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि मला पटलं ते हे की एखादा दिवस खाडा पडला तरी घडी विस्कटली नाही. एक खाडा हो, एक. आठवडाभर पांघरूण ओढून पडायचं आणि वर लंडनचा दाखला द्यायचा, असं चालणार नाही.

काय म्हणालात? भाऊजी काटकुळे आहेत, त्यांना कशाला चालणं? हेच चुकतं वहिनी. आमचे थोरले दीर काडीसारखे, पण साखर निघालीच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातले डॉ. याज्ञिक ठाऊक आहेत? २००४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा आणि युडकिन नावाच्या गोऱ्या डॉक्टरांचा जोडीनं फोटो आला. उंची-वजनाचं गणित दोघांचंही हुबेहूब, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी? युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! आपली माणसं दिसायला सडपातळ आणि आत लोणी. म्हणून काट्यावर जीव टांगू नका. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी म्हणतात. शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि बघा. नाही, मला नका सांगू.

घाबरून हुरूप येतो म्हणता? येतो की. रिपोर्ट हातात पडला की आठ दिवस कारल्याचा रस, नवव्या दिवशी वडापाव. आमच्या सासऱ्यांना कधी कुणी घाबरवलं नव्हतं, तरी ऐंशी उलटल्यावरही नमस्कार घालायचे. ते शिकायला औंधला होते. तिथल्या राजांना, भवानराव पंतप्रतिनिधींना, सूर्यनमस्कारांचं भारी वेड, संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे. घंटा झाली की रांगेत उभं राहायचं. आज मूड आहे का, असं काही राजा विचारत नव्हता. सासरे म्हणायचे, लहानपणी राग यायचा, मग रागही यायचा बंद झाला आणि नमस्कार तेवढे राहिले.

आपल्याकडे राजा नाही, तर दुसरं काहीतरी लावून घ्यावं लागतं. मी काय करते, रात्री जेवण झालं, पोट भरलेलं असलं की मटकी भिजत घालते. भरल्या पोटी माणूस शहाणा असतो. सकाळी उठून पोह्यांचा विचार आला तरी ती फुगून पातेल्यात वाट बघत असते, टाकवत नाही. फडक्यात बांधली की पुढच्या दिवशी मोडाची उसळ आणि बाजरीची भाकरी ठरलेली. तेलाचंही तसंच. माणशी महिना अर्धा किलो, ते पहिल्या तारखेलाच वेगळ्या बरणीत काढते. विसाव्या तारखेला तळ दिसला की पुढचे दहा दिवस भजी आपोआप बंद, भांडण नाही. आणि जेवल्यावर दहा मिनिटं शतपावली. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं काही अगदीच चुकत नव्हतं.

पेढे? कुणाचे? नातवाच्या निकालाचे! द्या की. कंदी पेढ्याला साताऱ्यात राहून नाही म्हणायचं म्हणजे फारच झालं. एक द्या. एकच हं, बॉक्स तिकडंच ठेवा, कुंपणावर नको. ह्यांच्यासाठी पुडी नको, ते संध्याकाळी येऊन स्वतः घेऊन जातील, तेवढंच चालणं.

आणि हे बघा, मी सकाळी सहाला चार भिंती स्मारकापर्यंत चालत जाते. आधी अजिंक्यताऱ्यावर जायचं डोक्यात घेतलं होतं, पण गुडघे म्हणाले आधी आमच्याशी बोला. उद्या तुम्ही यायचं. विचार करून सांगते म्हणू नका, विचार केला की माणूस घरीच राहतो. पाऊस असला तर छत्री घ्या. मी बेल वाजवणार नाही, फाटकातून खणखणीत हाक मारीन. तुमच्या सासूबाई जाग्या होतील, चहा मागतील, आणि मग तुम्हाला काही परत झोपता यायचं नाही.