उतारावरचे नाना

गावोगावी एक नाना असतातच. पण तेरखेड्याचे नाना निराळे, कारण गावच निराळं. वाशी तालुक्यातलं हे गाव फटाक्यांचं. एखाद्या येझदीनं सायलेन्सरमधून धाडकन बार काढला, तरी इथं कुणी मान वळवत नाही. कुठं तरी नवा माल तपासत असतील, असं समजून लोक चहा पीत राहतात. मान वळवतात ते एकटे नाना. ‘पॉइंट सरकलेत,’ असा निकालही बसल्या जागेवरून देऊन टाकतात.

येझदी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा १९९६ मध्ये बंद पडली. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं सरकारनं २०१६ मध्ये ठरवलं. नानांना दोन्ही बातम्या अमान्य. “कंपनी बंद पडली असंल. गाडी कुठं बंद पडलीय?”

त्यांच्या गाड्या दुरुस्तीच्या पत्र्याच्या शेडात बिस्किटाचा एक डबा आहे. नव्या गिऱ्हाइकाला चहाआधी तो दाखवला जातो. आत सिगारेटची चांदी, केसांची पिन, सायकलच्या आऱ्याचा तुकडा. फ्यूजच्या जागी लोकांनी काय काय कोंबलं, त्याचं हे प्रदर्शन. “एकेक वस्तू म्हंजी एकेक जळालेलं वायरिंग. फटाक्याच्या गावात राहून ठिणगीची किंमत कळंना, तर कुठं कळायची?” वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढली नाही, तर नाना शेडातून उठून जातात.

परवा एक पोरगा जुनी येझदी घेऊन आला. सहा व्होल्टची बॅटरी काढून बारा व्होल्टची टाका, म्हणाला.

“आणि बल्ब? हॉर्न? कॉइल?”

“ते राहू द्या की तसंच.”

“सहाच्या बल्बला बारा दिलं की चौपट जोर चढतो, लेका. फुलबाजीच पाहिजे, तर गावात स्वस्त मिळती.”

ट्रॅक्टरवाले येतात ते टेप बसवायला. नाना वाकतात ते ब्रेकपाशी. शेतात वळायला दोन पेडल सुटी लागतात, पण सोलापूर-धुळे रस्त्यावर चढताना ती पट्टीनं जोडावीच लागतात. एकाच चाकाला ब्रेक लागला, तर भरल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर आडवा. “शेतात भाऊ-भाऊ वेगळे राह्यले तरी चालतं. रस्त्यावर एकत्र पाहिजेत.” मग अवजारं फिरवणाऱ्या पीटीओच्या उघड्या शाफ्टकडं बोट: “मिनिटाला ५४० फेरे. धोतराचा सोगा ओढायला एकच फेरा पुरतो.” त्यावर झाकण बसेपर्यंत टेपचा विषय निघत नाही.

थांबणं आधी, दिसणं मग, पळणं शेवटी, असा त्यांच्या शेडाचा कायदा. पळण्याची पाळी क्वचितच येते. गिऱ्हाइकं त्याआधीच पळालेली असतात.

आणि नानांचा स्वतःचा ट्रॅक्टर? त्याची बॅटरी कायम कुणाच्या तरी गाडीत अडकलेली. म्हणून तो उतारावर उभा. सकाळी ढकलला की चालू. गाव हसतं.

चाकांखालचे दोन दगड मात्र एकदाही चुकलेले नाहीत.